रडण्याच्या खोलीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी पार थकलो आहे. दिलसुखनगरच्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घराला लागेन, सणासुदीला तोरण मिरवेन. कुठलं काय! माझ्या नशिबी आली विद्यानगरच्या एका बालविकास केंद्रातली खेळण्यांची खोली.

इथलं काम दिसायला सोपं. आई आपल्या वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन येते, खेळायला बसवते आणि माझ्यातून बाहेर जाते. तीन मिनिटांनी परत येते. मूल फारच रडलं तर त्याआधीच. ती गेल्यावर मूल काय करतं, आल्यावर काय करतं, हे केंद्राच्या बालतज्ज्ञ इंदुताई काचेपलीकडून टिपून घेतात. बावीस वर्षं हेच चाललंय. पाहुणे येतात, काचेचं कौतुक करतात, खेळण्यांचं करतात. माझ्याकडे कोण बघतो? रडणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

म्हणून कुकटपल्लीची मृण्मयी आली तेव्हा मला हायसं वाटलं. चौदा महिन्यांची पोर. तिची आई, योगिनी, बाहेर गेली तरी हिनं मान वर केली नाही. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. आई परत आली, तरी तेच. गुणाची गं बाई, असं मी मनात म्हटलं.

इंदुताई आत आल्या तेव्हा योगिनीचा चेहरा फुलला होता. "पास झाली ना, मॅडम? दहा दिवस प्रॅक्टिस घेतली हो! हिला बेडरूममध्ये ठेवायचं, दार लावायचं. रडली तरी उघडायचं नाही. आधी फार रडली, मग शिकली."

"अय्यो!" इंदुताई मटकन खाली बसल्या. "अहो, इथं पास-नापास नसतं."

"फॉर्मवर लिहिलं होतं की, आई बाहेर गेल्यावर मूल काय करतं याची चाचणी! मला वाटलं, तयारी करून न्यावी."

इंदुताईंनी मृण्मयीच्या छातीला बांधलेला, ठोके मोजणारा पट्टा सोडला आणि त्यावरून आलेला आलेख योगिनीपुढे धरला. "तुम्ही बाहेर होतात तेव्हा काळीज किती धडधडत होतं बघा. वरून गप्प, आत नुसती घालमेल. रडून उपयोग नाही, एवढंच शिकली ती."

योगिनीला हुंदका आवरेना. "आता येणारच नाही का हो ती माझ्याकडे?"

"येईल. अजून लहान आहे. पण रडली की उचलून घ्या. दर वेळी."

मला स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं या खोलीत काढून मीही त्या गप्प पोरीला शाबासकीच दिली होती.

दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. योगिनी बाहेर गेली आणि मृण्मयी ठोकळे टाकून धडपडत माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी मला बडवायला लागली. "आई! आई!" केवढा तो आकांत! योगिनी धावतच आत आली, खाली बसली. पोरीनं आधी तिला दोन फटके दिले, मग गळ्याला घट्ट मिठी मारली. हळूहळू शांत झाली. योगिनी मात्र बराच वेळ रडत होती.

मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड रडत दाराशी आलं, तर आधी दार उघडा. शिस्त मग लावता येते. आम्हा दरवाजांना कितीही वाटलं, तरी स्वतःहून उघडता येत नाही.