पुंगोलच्या पाणमांजरांचे कोच

आमच्या टीमचं नाव पुंगोल ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं. आम्ही परदेशात जिथे राहतो, त्या पुंगोलच्या पाण्यात खरी पाणमांजरंही आहेत. ती सहकुटुंब शिस्तीत पोहतात आणि रोज पोटभर मासे पकडतात. आमच्या हाती मात्र त्या वर्षी एकही सामना लागला नव्हता.

आम्ही दर रविवारी एका हौशी बेसबॉल लीगमध्ये खेळायचो. त्यात एक टीम जपानी इंजिनियरांची, एक तैवानी विद्यार्थ्यांची, एक कोरियन मंडळींची. त्यांच्याकडे बेसबॉल म्हणजे घरचं खाणं. आम्ही बहुतेक सगळे पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले. चेंडू टप्पा पडल्याशिवाय अंगावर येतोच कसा, यावर आमचा वर्षभर विश्वास बसला नव्हता. जोडीला माझ्या शेजारचे मिस्टर टे होते. वजन कमी करायला त्यांच्या बायकोने त्यांना आमच्यात पाठवलं होतं, आणि आमच्यात खरी प्रगती फक्त त्यांचीच होत होती.

आम्हाला दोन कोच होते. मुख्य कोच पद्मनाभ सर. पाया लेबारला एका कंपनीत आयटी मॅनेजर, वय पन्नाशीच्या पुढे. कॉलेजात असताना अमरावतीला बेसबॉल खेळलेले. स्वभाव इतका मऊ की कुणी सोपा झेल सोडला तरी म्हणायचे, "हरकत नाही, चेंडूच जरा घाईत होता." दुसरी कस्तुरी. ती जळगावची, महाराष्ट्राच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेली, आणि इथे विद्यापीठात शेवाळावर संशोधन करणारी. ती झेल सोडणाऱ्याला काही बोलायची नाही, नुसती बघायची. त्यापेक्षा बोलली असती तर बरं, असं वाटायचं.

दोघंही हौसेनं शिकवायची. अशा माणसांचीही नोकरी जाऊ शकते, हे आम्हाला रवींद्रमुळे कळलं.

रवींद्र आमच्या टीमचा सेक्रेटरी. तांजोंग पगारला एका फायनान्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो स्वतः खेळायचा नाही, पण मैदान बुक करणं, जर्सी आणणं, पाण्याच्या बाटल्या, सगळं तोच बघायचा आणि मनापासून बघायचा. आमच्यातले धवल आणि निमिष ऑफिसात त्याच्याच हाताखाली होते. कोरियन टीमकडून आमचा पार धुव्वा उडाला, त्या दिवशी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कॉफी पिताना रवींद्र म्हणाला, "कमिटीचा पद्मनाभवर पूर्ण विश्वास आहे."

हे ऐकून धवलने कप खाली ठेवला. "मग गेले सर," तो माझ्या कानात म्हणाला. "आमच्याकडे ज्याच्यावर असा विश्वास दाखवतात, त्याचं टेबल पुढच्या महिन्यात रिकामं असतं."

पुढचा महिना उजाडलाच नाही. त्याच आठवड्यात रवींद्र पद्मनाभ सरांच्या घरी गेला. तिथे काय झालं ते आम्हाला नंतर सरांच्या बायकोने, मधुमतीवहिनींनी, सांगितलं. रवींद्रने चहा घेतला, फरसाण घेतलं, सरांच्या योगदानाबद्दल बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, "टीमला आता नव्या दिशेची गरज आहे."

"कुठल्या दिशेची?" सरांनी खरोखरच विचारलं.

"म्हणजे, कस्तुरीला मुख्य कोच करावं असं वाटतं. तू सल्लागार राहा."

"सल्लागाराने करायचं काय?"

"खास असं काही नाही."

सरांची मुलगी अवनी सोफ्यावर फोन बघत होती. ती मान वर न करता इथल्या पद्धतीच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू गॉट फायर्ड, लाह."

सर हसले, पण त्या रात्री जेवले कमी, असं वहिनी म्हणाल्या. ऑफिसात वर्षानुवर्षं लोकांना हे असं सांगायचं काम त्यांनीच केलं होतं. आपण समजावून सांगितलं की समोरच्याला फारसं लागत नाही, अशी आजवर त्यांची समजूत होती.

तिकडे कस्तुरीने रवींद्रला फोनवरच सांगून टाकलं, "सर नसतील तर मीही नाही."

"अगं, तुझं प्रमोशन आहे हे."

"रवींद्रदादा, मी आजपर्यंत प्रमोशन बघितलेलं नाही, त्यामुळे मला त्याचा मोह नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अशा रीतीने जपानी टीमबरोबरच्या सामन्याच्या तोंडावर आम्हाला एकही कोच उरला नाही. रवींद्र मागे हटणाऱ्यातला नव्हता. "मी उभा राहतो," तो म्हणाला. "शेवटी हे मॅनेजमेंटच आहे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेसबॉलमध्ये कोच तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे पळणाऱ्याने गाठायच्या तिसऱ्या टप्प्याजवळ, उभा राहून हाताने खुणा करतो. समोरच्यांना कळू नये आणि आपल्यांना कळावं, म्हणून. पद्मनाभ सरांनी आमची कुवत ओळखून दोनच खुणा ठेवल्या होत्या. टोपीला हात लावला की बंट, म्हणजे बॅट न फिरवता नुसती आडवी धरायची आणि चेंडू पायाशीच पाडायचा. कान ओढला की चोरी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळत सुटायचं. वर्षभर सरांनी आमच्याकडून या दोन खुणा घोटून घेतल्या होत्या. सरावात त्या आम्हाला झोपेतही जमायच्या. सामन्यात मात्र आम्ही डोळे मिटून बॅट फिरवायचो आणि जिथे असू तिथे उभे राहायचो. सर बिचारे टोपी आणि कान चाचपत राहायचे.

रविवारी दुपारी असा उकाडा होता की मैदानाच्या कडेला उभं राहूनही घाम निथळत होता. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर पद्मनाभ सर, मधुमतीवहिनी आणि अवनी बसले होते. सर येणार नव्हते. "घरात बसून फ्रिजची उघडझाप करण्यापेक्षा चल," म्हणून वहिनींनी त्यांना आणलं होतं. थोड्या वेळाने कस्तुरीही येऊन शेजारी बसली.

पहिल्या डावात जपान्यांनी तीन धावा केल्या आणि आम्ही नेहमीसारखे शून्यावर आटोपलो. दुसऱ्या डावात निमिष बॅटिंगला गेला. त्याने तिसऱ्या बेसकडे बघितलं. रवींद्रची नवी टोपी त्याला मोठी होती आणि घामाने ती सारखी कपाळावर सरकत होती. त्याने ती वर केली. निमिषने बॅट आडवी धरली.

जपानी खेळाडू निवांत मागे उभे होते. आम्ही कधी असलं काही केलंच नव्हतं. चेंडू पायाशी पडला, कुणी उचलायचा यावर दोघांची टक्कर झाली आणि निमिष पहिल्या बेसवर पोचला. तिथे पोचल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्याला आठवेना.

"अरे, मोठा फटका मारायचा ना," रवींद्र ओरडला आणि वैतागून त्याने पुन्हा टोपी वर केली.

पुढची पाळी माझी होती. मी गोंधळलो. तोंडाने मोठा फटका आणि हाताने बंट. मागून धवल हळूच म्हणाला, "सुबोध, हाताकडे बघ. ऑफिसातही हा बोलतो एक आणि करायचं असतं दुसरंच."

मी बंट केला. निमिष दुसऱ्या बेसवर आणि मी पहिल्या बेसवर. मग रवींद्रच्या कानाभोवती डास घोंगावायला लागला. त्याने कान चोळला, मग ओढला, मग दुसराही ओढला. निमिष सुटला. तो सुटला म्हणून मीही सुटलो. बॅटच्या मागे बसलेला जपानी कॅचर इतका चकित झाला की त्याने चेंडू भलतीकडेच, लांब मोकळ्या मैदानात फेकला. आम्ही दोघंही धावत होम बेसवर परत आलो, म्हणजे दोन धावा झाल्या. त्या क्षणी रवींद्रचा चेहरा बघण्यासारखा होता.

पायऱ्यांवर काय चाललं होतं ते वहिनींनी सांगितलं.

"सर, रवींद्रदादांना खुणा कधी शिकवल्यात?" कस्तुरीने विचारलं.

"नाही शिकवल्या."

"मग हा बंट?"

"टोपी सैल आहे."

"आणि ही चोरी?"

"डास," सर म्हणाले.

सरांना खाली जाऊन ते सांगता आलं असतं. ते जागचे हलले नाहीत.

पुढचे डाव असेच गेले. रवींद्र घाम पुसत होता आणि आम्ही जिवाच्या आकांताने पळत होतो. मिस्टर टे यांनी तर कुणी कान ओढलेला नसतानाही एक चोरी केली. आम्ही फारसे मागे पडलो नाही, मग बरोबरीत आलो, आणि पाचवा डाव संपला तेव्हा एका धावेने पुढे होतो. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला. भोंगा वाजला की मैदान सोडायचं, इथे त्यात चर्चा नसते. आमच्या लीगच्या नियमाप्रमाणे पाच डाव झालेले असले की जो पुढे, तो जिंकला. अंपायरने बराच वेळ वाट बघितली आणि मग आमचं नाव सांगितलं.

आम्ही छपराखाली एकमेकांच्या गळ्यात पडलो. धवल रवींद्रला म्हणाला, "काय खुणा केल्यात दादा, मानलं." रवींद्रने हसून मान हलवली, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो गर्दीतून वाट काढत पद्मनाभ सरांपाशी गेला. मी तिथेच बूट काढत होतो.

"पद्मनाभ," तो म्हणाला, "मी काहीच केलं नाही रे."

"माहीत आहे मला."

"ते सगळे असे वेड्यासारखे का पळत होते?"

सरांनी त्याला दोन्ही खुणा समजावून सांगितल्या. रवींद्रचा हात टोपीकडे गेला आणि वाटेतच थांबला. अवनी म्हणाली, "अंकल, यू वर ओन्ली स्क्रॅचिंग, लाह."

रवींद्रने बाकावर बसून घेतलं. "म्हणजे तूच शिकवलेलं होतंस हे सगळं. आणि मी तुला काढलं. परत ये बाबा. मी सगळ्यांसमोर सांगतो."

पण सर त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे वळले. "सुबोध, मी इतके महिने कान ओढत होतो. तेव्हा तू कुठे बघायचास?"

सरांशी खोटं बोलणं जमण्यासारखं नव्हतं. "तुमच्याकडेच बघायचो, सर. पण नाही पळालो तरी तुम्ही रागावणार नाही, हे माहीत असायचं. रवींद्रदादांचं काही सांगता येत नाही."

पाऊस छपरावर जोरात पडत होता. वहिनींनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आपण बोललो ते चुकलंच. मग सर हळूहळू हसायला लागले, आधी नुसते खांदे हलले आणि मग आवाज फुटला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी घरीही असाच आहे. मला कुणी घाबरत नाही. रवींद्र, तुझा निर्णय बरोबर होता, नुसता सांगायची पद्धत वाईट होती. कस्तुरीलाच मुख्य कोच कर. मी बॅटिंग शिकवतो. ते रागावल्याशिवाय शिकवता येतं."

सगळ्यांनी कस्तुरीकडे बघितलं.

"सर बरोबर असतील तर होते," ती म्हणाली. "आणि सीझन संपेपर्यंत कुणी कुणावर विश्वास दाखवायचा नाही."

"किती वर्षांसाठी नेमायचं तुला?" रवींद्रने विचारलं. त्याला अजूनही काहीतरी पक्कं करून टाकायचं होतं.

"विद्यापीठात माझं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नव्याने करतात. तिथे शेवाळ माझ्यापेक्षा जास्त टिकतं. तुम्ही एक वर्ष धरा, मला सवय आहे."

पुढच्या रविवारी आम्ही तैवानी विद्यार्थ्यांकडून हरलो. पण एका धावेने हरलो. तिसऱ्या बेसजवळ कस्तुरी उभी होती आणि तिचा हात जरा हलला की आम्ही पळत सुटायचो. पद्मनाभ सर बाजूला मिस्टर टे यांना कोपर कसं वर ठेवायचं ते दाखवत होते, आणि दोघंही सामना विसरून गेले होते. रवींद्र पाण्याच्या बाटल्या वाटत होता. त्या वाटून झाल्या की हात खिशात घालून फिरायची सवय त्याने लावून घेतली होती.

सामना संपल्यावर कस्तुरीने आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सरांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी तेही आमच्याबरोबर पळाले, सगळ्यात शेवटी, धापा टाकत. मी त्यांच्यासाठी वेग कमी केला तेव्हा म्हणाले, "पुढे हो, ती बघतेय."

हरून घरी आल्यावर हा माणूस गाणं गुणगुणतोय, असं पहिल्यांदाच झालं, वहिनी नंतर म्हणाल्या. गाणं कुठलं होतं, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.