पहिला नंबर आज्जाचा

विजयमालाच्या खोलीत सात हजार कार्डं होती. साखर कारखान्याच्या प्रत्येक सभासदाचं एक. नाव, गाव, उसाची लागण कधीची. ऊसतोडीची पाळी त्यावरूनच लागायची. अठ्ठ्याहत्तर साली कारखान्यानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि चेअरमन लालासाहेबआबा भर ऑफिसात म्हणाले, "यंत्र आलं की कार्डाची खोली बंद. विजयमाला, तू आता घरी बस, पोरगी सांभाळ."

पोरगी आज्जीच्या मांडीवर मजेत होती. घरी बसायचं विजयमालाच्या मुळीच मनात नव्हतं.

कंपन्या दोन आल्या. मुंबईची यंत्रं कपाटाएवढी, टेपवर चालणारी. पुण्याचं लहानसं, डिस्कवालं. "एक कार्ड शोधायला टेप पहिल्यापासून फिरवावी लागते, डिस्क थेट तिथं जाते," पुण्याचा माणूस समजावत होता. पण आबांचा जीव मुंबईच्या चित्रातल्या लाल-हिरव्या दिव्यांत अडकलेला.

"आबा, नमुन्याला दोघांनाही एका गावाची कार्डं देऊ या," विजयमाला म्हणाली.

"कुठल्या गावाची?"

"तुमच्याच की!"

आबा खूश. विजयमालानं हसू पदराआड लपवलं.

महिन्यानं दोघंही छापील याद्या घेऊन आले. मुंबईचा साहेब टाय सावरत म्हणाला, "चारशे बारा कार्डं होती. आमच्या प्रोग्रॅमनं एकतीस दुबार नावं काढून टाकली!"

"ह्याला म्हंत्यात यंत्र!" आबांनी मांडीवर थाप मारली.

"तुमचं नाव बघा की, आबा," विजयमाला साळसूदपणे म्हणाली.

आबांनी चष्मा चढवला. बोट यादीवरून सरकत गेलं आणि थबकलं. लालासाहेब मानसिंग. मयत. तोड नाही.

"आरं, हा तर माजा आज्जा!"

"व्हय. नातवाला आज्जाचं नाव ठेवायची आपली रीत. आज्जा लालासाहेब मानसिंग, वडील मानसिंग लालासाहेब, तुम्ही परत लालासाहेब मानसिंग. यंत्रानं दोघांना एकात घातलं."

"आनि माजा ऊस?"

"मयताच्या उसाला तोड कशी मिळंल, आबा?"

दारातल्या केरू शिपायानं तोंडात टॉवेल कोंबला.

पुण्याच्या माणसानं आपली यादी पुढं केली. "आमचा प्रोग्रॅम नावावर नाही, नंबरावर चालतो; प्रत्येक कार्डाला वेगळा नंबर. चारशे बाराच्या चारशे बारा आहेत. फक्त कार्डावर मयत लिहिलेलं नसलं, तर आजोबा कोण नि नातू कोण, ते कळेना. तेवढं जाणतं माणूस लागेल."

आबांनी यादी बघितली, मग विजयमालाकडं बघितलं.

"लय वांड हाईस गं पोरी! पुण्याचंच घ्या. खोली बी ऱ्हाऊ द्या, ही बी ऱ्हाऊ द्या. पन सभासदाचा पयला नंबर माजा टाक."

"पहिला आज्जाचा," विजयमालानं पेनचं टोपण काढलं. "तुमचा दुसरा."

आबांनी मान हलवली. आज्जापुढं कुणाचं चालतंय!