एम्बरगेट तीनचा क्रमांक

यादीवर दोघांच्या सह्या होत्या आणि तिथेच घात झाला.

एरवी मधुकर आजोबा सहजासहजी सही करत नसत. पोस्टातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोट फिरवण्याआधी ते मजकूर वाचायला मागत. पण या यादीसाठी नातू अद्वैत त्यांच्याशी आठवडाभर भांडला होता. ‘एम्बरगेट’ या जुन्या व्हिडिओ गेमचे सात भाग. त्यांची क्रमवारी लावायची होती. हुकूम अद्वैतच्या वडिलांचा, म्हणजे सुबोधरावांचा. लखनौच्या तेलीबागेतलं घर रंगवायला काढलं होतं, प्रत्येक वस्तूला कप्पा नेमून दिला होता आणि गेमच्या वाट्याला तीन कॅसेटींची जागा आली होती. सातही कॅसेटी एका जेवणाच्या डब्यात मावल्या असत्या. पण तत्त्व ते तत्त्व.

“चार निकालात काढायच्या. क्रमवार यादी द्या, खाली सह्या करा,” सुबोधराव म्हणाले होते.

पाचव्या भागावरून तीन दिवस गेले. त्यातला घोडा बोलतो, म्हणून अद्वैतला तो आवडे. आजोबांचं म्हणणं, घोडा बोलतो याला हरकत नाही, पण सल्ले वाईट देतो. सहाव्या भागाचं संगीत ऐकत अद्वैतने इंजिनिअरिंगचे चार पेपर काढले होते. आजोबांच्या मते ते संगीत नव्हतं, कुकर होता. मात्र पहिल्या क्रमांकावर वाद झालाच नाही. तिथे तिसरा भाग.

तिसऱ्या भागात राक्षसराजाला मारून जग वाचवायचं असतं. अकरा वर्षांपूर्वी आजोबा साताऱ्याहून लखनौला राहायला आले, तेव्हा नातवाने त्यांच्या हातात हा गेम दिला. नायकाचं नाव त्यांनी ‘मधु’ ठेवलं. वाटेत नदी लागली, काठाला बांधलेली नाव मिळाली. पलीकडे जायचं म्हणून काठावरची एक म्हातारी मागे लागली. आजोबांनी तिला पलीकडे सोडलं. मग दुसरा आला. तेव्हापासून मधु नाव चालवत होता. राक्षसराज किल्ल्यात अकरा वर्षं तयार होऊन बसला होता.

अद्वैत यावर मित्रांत विनोद करी, पण आजोबांसमोर नाही. आजोबांचं हिंदी ‘कितने का है’ला सुरू होऊन तिथेच संपे. तेलीबागेत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्या नदीकाठी मात्र ते बेचाळीस माणसांना नावानिशी ओळखत. आणि ती सगळी माणसं कॅसेटीतल्या एका बटणाएवढ्या सेलवर जगत होती. सेल निखळला की गाव गेलं, नदी गेली, मधुही गेला.

शनिवारी अद्वैत आजोबांना स्कूटरवरून बँकेत घेऊन गेला. नोव्हेंबर होता, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. अंगठ्याच्या यंत्राने तीनदा आजोबा जिवंत असल्याचं नाकारलं. चौथ्यांदा मान्य केलं. दोघं खुशीत परतले. कप्प्यात तीन कॅसेटी होत्या: यादीतल्या शेवटच्या, पाच, सहा आणि सात क्रमांकाच्या.

“बाबा, वरच्या चार कुठायत?”

“भंगारात दिल्या. यादीप्रमाणे.”

“यादीप्रमाणे म्हणजे?”

सुबोधराव रेल्वेत इंजिनिअर. तीस वर्षं ते भंगार ठरवणाऱ्या समित्यांवर बसले होते. “म्हणजे काय? एक नंबर सगळ्यात आधी काढायचा, मग दोन, मग तीन. तुम्ही तर एकमताने तिसरा भाग वर घातलात. मला कौतुक वाटलं. म्हटलं, अण्णांनी मन मोठं केलं,” ते वडिलांकडे पाहत म्हणाले.

रागावले की आजोबा बोलत. आत्ता त्यांनी फक्त काढलेलं हेल्मेट पुन्हा घातलं.

“कोणाला दिल्या?” अद्वैत ओरडला.

“गजेंद्र भंगारवाल्याला. कालव्यापलीकडे शेड आहे त्याची. तासभर झाला.”

शेड दिसायच्या आधी हातोडा ऐकू आला. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. प्रत्येक ठोक्याला स्कूटरच्या मागच्या सीटवरून आजोबांची बोटं अद्वैतच्या खांद्यात रुतत होती.

गजेंद्र मांडी घालून बसला होता. जुनी यंत्रं फोडायची. हिरवी सर्किटं एका पोत्यात, प्लास्टिक दुसऱ्यात, सेल डालड्याच्या डब्यात. त्याने हातोडा उचलला.

“भैया, रुकिए!”

हातोडा हवेत थांबला. खाली टीव्हीचा रिमोट होता.

“वो गेम वाली कैसेट? चार थीं ना?”

“तीन हो गईं.”

अद्वैतने पोत्यात पाहिलं. करड्या प्लास्टिकच्या तुकड्यांत बोलक्या घोड्याचं अर्धं तोंड होतं. रडायला वेळ नव्हता. “और चौथी?”

“कौन, वो पट्टी वाली?” गजेंद्रने हातोड्यानेच कोपऱ्याकडे दाखवलं. “वो तो सबसे बेकार है, भैया. माल अच्छा पहले, कचरा आखिर में. अपना भी हिसाब है.”

कोपऱ्यातल्या ढिगावर तिसरा भाग पालथा पडला होता. तडा गेला म्हणून आजोबांनी त्याला पाच वर्षांपूर्वी जखमेची चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी शाबूत होती. पण ती कॅसेट तिथे ठेवलेली नव्हती, लांबून फेकलेली होती.

“कितने का है?” आजोबांनी विचारलं.

गजेंद्रने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नुसताच हात हलवला. “ले जाइए, बाबूजी.”

परतताना अद्वैतने एकही खड्डा घेतला नाही. तेलीबागेत याचा अर्थ तो फारसा रस्त्यावर नव्हता.

घरी कॅसेट लावली. पडदा काळा. काढली, फुंकली, पुसली, लावली. रंगीत रेघा. तिसऱ्यांदा एम्बरगेटचं नाव आलं, त्याखाली एकच ओळ: नवा खेळ सुरू करा. अद्वैतने आजोबांकडे पाहायचं टाळलं. सुबोधराव दारात उभे होते, हातात यादी.

“काढ आणि परत लाव,” आजोबा म्हणाले. “बँकेतही तीनदा नाहीच म्हणाले होते.”

चौथ्यांदा नाव आलं. ओळ आली. मग, बऱ्याच वेळाने, तिच्याखाली दुसरी: मधु.

नदी होती, नदीत नाव होती. काठावर म्हातारी उभी होती, अकरा वर्षं जशी उभी असे तशीच.

मग सुबोधरावांनी घसा खाकरला. “चूक माझी, अण्णा. पण आता चार झाल्या. जागा तीनचीच आहे. नवी यादी...”

“हा यादीत येत नाही,” आजोबा म्हणाले.

“मग कशात येतो?”

“पेन्शनरांत. पेन्शनरला भंगारात काढायचा नियम असेल तर दाखव.”

सुबोधरावांनी तीस वर्षांची नोकरी मनातल्या मनात चाळली. असा नियम नव्हता.

“दाखला लागेल,” ते शेवटी म्हणाले. “दर नोव्हेंबरला. चालू करून, माझ्यासमोर.”

“देईन,” आजोबा म्हणाले आणि म्हातारीला नावेत घेतलं.