साफ केलेली टेप

जिना चढतानाच वेल्डरने ठरवलं होतं, आज कुणाची भीडभाड ठेवायची नाही.

सायकलच्या दुकानावरची ही खोली त्याने आतून कधी पाहिली नव्हती. रविवारी सकाळी बायकोला खाली सोडायचं आणि मागे फिरायचं, एवढाच त्याचा संबंध. एक व्हायोलिनवाला होता, तो जाऊनही वर्षं झाली. पण त्याच्या टेपा ऐकायला ही मंडळी नेमाने जमायची. "त्या रडगाण्यात काय ठेवलंय?" असं हा विचारायचा. ती म्हणायची, "तू येऊच नकोस. तुझं नाक वाजतं." आता तीही गेली होती.

त्याने दार ढकललं. सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती.

"या, या भावोजी!" दातांचे डॉक्टर उठले. मंडळाच्या टेपा त्यांच्याच ताब्यात असत.

"मी कुणाचा भावोजी नाही. हे काय पाठवलंत माझ्या घरी?" त्याने खिशातली सीडी टेबलावर आपटली.

"ताईंची आवडती मैफल! मुद्दाम साफ करून घेतली. खोकले, खुर्च्यांची करकर, सगळं काढलं. आता नुसतं व्हायोलिन."

"आणि माझी बायको?"

कुणाला काही उमगेना.

"त्या मैफलीत तुमचा तो वाजवता वाजवता मध्येच थांबला. हॉल चिडीचूप. आणि ही ओरडली, 'अगं बाई, आता?' सगळे हसले. तोसुद्धा हसला. घरी येईल त्या पाहुण्याला तिने हे सांगितलंय. परवा सीडी लावून कान देऊन बसलो. तो थांबला. आणि पुढे काही नाही! खोकल्याबरोबर तिलाही झाडून टाकलंत!"

"अहो, वादनाचा मान राखायचा म्हणून..."

"मान गेला खड्ड्यात! तिचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. एवढाच होता. मूळ टेप काढा."

डॉक्टर खाली बसले. "त्या टेपची पट्टी पार झिजली होती हो. साफ प्रत झाली आणि... टाकून दिली."

वेल्डरने टेबलाची कड घट्ट धरली. "चांगला दात कुठला, किडका कुठला, एवढं तरी बघून उपटता ना तुम्ही?"

मागून शिंपीणकाकू उठल्या. "ओरडून झालं असेल तर जरा सरका. कपाट उघडू द्या."

"कशाला?"

"माझी टेप असेल तळाशी."

मैफलीत टेप करायला बंदी असायची. म्हणून या मंडळींची जुनी खोड होती: प्रत्येकाने आपापला टेपरेकॉर्डर लपवून न्यायचा. मग सगळ्यांत चांगली टेप मंडळाची, बाकीच्या अडगळीत.

"माझा पर्समध्ये होता, लोकरीखाली. बसले होते तिच्याच शेजारी," काकू खोके उपसत म्हणाल्या. "पण मला नापास केलं. म्हणे, शेजारणीची बडबडच जास्त. कोण म्हणालं होतं, डॉक्टर?"

"मीच," डॉक्टर पुटपुटले.

टेप लागली. व्हायोलिन गोधडीखालून आल्यासारखं. पण कानाशी, अगदी कानाशी, ती कुजबुजली, "सरक गं जरा, त्याचा हात दिसत नाहीये." वेल्डर टेपरेकॉर्डरकडे वाकला. मग सूर चढत गेले, चढत गेले आणि एकदम थांबले.

"अगं बाई, आता?"

टेपमधला हॉल खदखदला. त्याच क्षणी खोलीतही हसू फुटलं. काकू डोळे पुसत हसत होत्या, डॉक्टरही. वेल्डर रागाने वळला आणि तसाच राहिला. टेपमधलं ते हसू याच लोकांचं होतं. ही सगळी तिथे होती. तोच नव्हता.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "टेप मागे घेतो, भावोजी. तेवढंच परत लावू?"

"हात लावू नका!" तो खेकसला. "ती काय मध्येच उठून गेली होती? शेवटपर्यंत लावा."

तो खिडकीजवळच्या खुर्चीत धप्पकन बसला. मुठी अजून आवळलेल्याच होत्या. व्हायोलिन पुढे वाजत राहिलं, आणि थोड्या वेळाने त्याचं नाकही वाजू लागलं.