सोळावा दिवस

ठाकुर्लीला लेकीच्या घरी बारसं होतं. पाळणा बांधून झाला आणि कल्पिताने मला विचारलं, "बाबा, डॉक्टर म्हणाल्या बाळ अकरा दिवसांचं झालं. मग आज बारावा कसा?"

"अगं, जन्माचा दिवस धरतात ना."

बोललो आणि मला कॉलेजातल्या सशांच्या पिंजऱ्यांवरच्या तारखा आठवल्या.

मी गोपीनाथ. डोंबिवलीच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं ससे सांभाळतोय. लोक हसतात, हसू देत. मादी नराकडे सोडायची, पिंजऱ्याच्या पाटीवर तारीख लिहायची, दिवस मोजायचे. आधी मोजणी विभागाचे सर करायचे, ते निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली. योगिनीताई पीएच.डी. करते. पोटातल्या पिल्लाचं वृषण कोणत्या दिवशी आकाराला येतं, ते ती बघते. सुरुवातीला नर काय नि मादी काय, सगळं सारखंच दिसतं. मग एके दिवशी नराच्या त्या इवल्याशा गाठीत पेशींच्या दोऱ्या दिसायला लागतात. आमच्या सशांत त्या पुस्तकात दिल्यापेक्षा एक दिवस उशिरा दिसत होत्या, आणि ताईचा सगळा प्रबंध त्या एका दिवसावर उभा होता.

आता माझा शहाणपणा ऐका. प्रयोगात मादी सोडल्याचा दिवस शून्य धरतात. मी तो पहिला धरत आलो होतो. आमच्यात बारावा काय, तेरावा काय, सगळं असंच मोजतात. मला कधी शंका आली नाही आणि मला कोणी विचारलंही नाही. सोळाव्या दिवसाची म्हणून दिलेली पिल्लं पंधराव्याची होती. उशीर सशांना झालाच नव्हता.

बारशाचं जेवण मला गोड लागलं नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? मला निवृत्त व्हायला चार महिने उरलेले, ताईचा प्रबंध सोमवारी जाणार. तीन वर्षं राबली होती पोरगी. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्पच राहिलो. पण ह्या कामात बावीस माद्या गेल्या होत्या. एकेकीला मी हाताने पाला भरवलाय. त्यांच्या जिवावर चुकीचा आकडा छापला जाणार, हे मला सोसेना.

शनिवारी मी प्रयोगशाळेत ताईसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. तिने जुन्या पाट्या मागवल्या, कॅलेंडर उघडलं आणि एकेक तारीख बोटाने मोजत गेली. शेवटी चष्मा काढून ठेवला.

"काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं, ताई."

ती रडली. मीही डोळे पुसले, त्यात लाज कसली. मला वाटलं, आता म्हणेल, चालते व्हा. पण तिने पिल्लांच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांचा पहिला ट्रे ओढला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत कधी बसलो नव्हतो. ती पट्टी उजेडात धरून आकडा वाचायची, मी त्यावर काट मारून एक कमी लिहायचो. संध्याकाळपर्यंत आमचे ससे जगातल्या सगळ्या सशांसारखेच झाले.