चौदा नंबरची बस आणि बाबांचं पोट

बाबांना गाडी लागते, ही आमच्या घरात वाद न घालता मान्य झालेली एकमेव गोष्ट होती. वीस मिनिटांपर्यंत ठीक. मग कपाळावर घाम, मग ओठ पांढरे, मग पिशवी. बाबा शिंपी. दुकान खाली, घर वर, मध्ये सतरा पायऱ्या. तीस वर्षं त्यांना यापेक्षा लांबच्या प्रवासाची गरज पडली नव्हती.

मग धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण. पंधरा तासांच्या अंतरावरच्या एका शहरात दुसऱ्याच्या हाताखाली चार वर्षं शिवण केल्यावर तिने स्वतःचं दुकान घेतलं होतं. एक खोली, दोन मशीन, एक उभा आरसा.

"बाबा, पहिलं कापड तुम्ही कापायचं. तुम्ही येईपर्यंत मी कात्रीला हात लावणार नाही."

"अगं, मी इथूनच कापून पाठवतो की," बाबा म्हणाले.

ती हसली, पण जरा उशिरा. तो उशीर बाबांनाही ऐकू आला. फोन ठेवल्यावर त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पुन्हा सोडून गळ्यात घातला.

"जायचं," ते म्हणाले. "ओकत ओकत जाईन, पण जाईन."

आमच्या खिशाला झेपेल असं एकच वाहन तिकडे जात होतं. सकाळी सहाला सुटून रात्री नऊला पोचणारी बस. दिवसाची म्हणून रात्रीच्या गाडीपेक्षा स्वस्त, शेवटून दुसरी रांग म्हणून आणखी स्वस्त, आणि तिकीट रद्द केल्यास पैसे परत नाहीत म्हणून त्याहून स्वस्त. मी दोन तिकिटं काढली, बाबांचं आणि माझं. धाकटीला पाहून मला दीड वर्ष झालं होतं. आईने मागे राहायचं ठरलं, कारण शाळेच्या गणवेशांची ऑर्डर त्याच आठवड्यात शिवून द्यायची होती.

निघायला सहा रविवार होते. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं आणि दिसेल ते लिहायचं, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. आमच्या कोपऱ्यावरून चौदा नंबरची बस सुटते आणि एक तास पाच मिनिटांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, घाऊक मालाच्या गोदामांपाशी पोचते. दर रविवारी त्या बसमध्ये शेवटून दुसऱ्या रांगेत बाबांना बसवायचं आणि त्यांना किती वेळ तग धरता येतो ते मोजायचं, असं मी ठरवलं.

"म्हणजे आता माझ्या नवऱ्याचा उंदीर करणार तू," आई म्हणाली.

"उंदरांना पगार असतो का गं?" बाबांनी विचारलं.

पहिल्या रविवारी नेहमीचा नाश्ता, खिडकी उघडी. बावीस मिनिटं. दुसऱ्या रविवारी आल्याचा तुकडा जिभेखाली. चोवीस मिनिटं. तिसऱ्या रविवारी उपाशीपोटी, सतरा. मी शेजारी वही घेऊन बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची, "बाबा, कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "बरं वाटतंय." चौथ्यांदा विचारलं की म्हणायचे, "पिशवी दे." मग आम्ही मधल्याच थांब्यावर उतरायचो आणि चालत परत यायचो. चालताना त्यांना काहीही होत नसे. उलट वाटेतल्या प्रत्येक माणसाच्या शर्टाची बाही कुठे चुकली आहे ते सांगत यायचे.

"पंधरा तासांची किती मिनिटं होतात?" त्यांनी तिसऱ्या रविवारी विचारलं.

"नऊशे."

"आणि आपण चोवीसवर." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "धाकटीला आत्ताच सांगून टाकूया का? शेवटच्या दिवशी सांगण्यापेक्षा बरं."

मी म्हटलं, अजून तीन रविवार आहेत. पण वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात घरात इस्त्रीचं प्रकरण सुरू झालं. बाबांची जुनी लोखंडी इस्त्री साडेसहा किलोंची आहे. स्वयंपाकघरातल्या काट्याला लटकवून मी स्वतः वजन केलं. बसवाले एका तिकिटावर पंधरा किलो सामान नेऊ देतात. बाबांनी बॅग भरायला काढली आणि तळाशी पहिली ती इस्त्री ठेवली.

"तिच्याकडे इस्त्री आहे," आई म्हणाली.

"ती प्लास्टिकची. तिने कॉलर बसत नाही, नुसती लाजते."

"अहो, पंधरा तास स्वतःचं पोट सांभाळायचं की हे धोंडे वाहायचे?"

"धोंडे? या धोंड्यावर तुझ्या दोन मुली शिकल्या."

चौथ्या रविवारी आईला घाऊक बाजारातून बटणं आणायची होती, म्हणून तीही चौदा नंबरमध्ये आमच्याबरोबर चढली. मी त्या दिवशी लिंबू तपासणार होते. आई बाबांच्या शेजारी बसली, मला पुढची जागा मिळाली. बस सुटायच्या आधीच दोघं इस्त्रीवर आली. इस्त्रीवरून धाकटीच्या जुन्या सुटकेसवर, सुटकेसवरून बाबांच्या भावावर, भावावरून पुन्हा इस्त्रीवर. मी मागे वळून लिंबू पुढे करत होते, पण बाबांना लिंबाकडे बघायला फुरसत नव्हती.

बस थांबली आणि कंडक्टर म्हणाला, "उतरा, शेवटचा थांबा."

मी घड्याळ पाहिलं. एक तास सात मिनिटं. बाबांचे गाल चक्क लाल होते.

"लिंबाने काम केलं!" आई म्हणाली.

लिंबू माझ्या हातात होतं. न कापलेलं.

त्या दिवशी मी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. नाश्ता लिहिला होता, खिडकी लिहिली होती, ऊन, खड्डे, ड्रायव्हर सगळं लिहिलं होतं. बाबांच्या शेजारी कोण बसलं होतं, तेवढं लिहिलं नव्हतं. ते माझ्या लेखी कधी बदललंच नव्हतं. तिथे मी होते. मी फार बोलत नाही. माझ्या शेजारी बसलं की माणसाला स्वतःच्या पोटाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, आणि वर दर पाच मिनिटांनी मीच त्या पोटाची आठवण करून देत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. पाचव्या रविवारी मी आईला पुन्हा बाबांशेजारी बसवलं आणि सांगितलं, "आज एक शब्दही बोलायचा नाही."

"मी? मी कुठे बोलते?"

"आई."

"बरं बाई. ही बसले तोंडाला कुलूप लावून."

दहा मिनिटं गेली. आईने पर्सची चेन वीस वेळा उघडली-मिटली. पंधराव्या मिनिटाला बाबांच्या कपाळावर घाम दिसला. विसाव्या मिनिटाला त्यांचे ओठ मार्किंगच्या खडूसारखे झाले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पिशवीची घडी मोडत होते, तेवढ्यात आई फुटली.

"सांगत होते, तो जाड स्वेटर घालू नका! ऐकतील तर शपथ! आणि खिशात काय आहे ते? खिसा का एवढा फुगलाय?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"काही नाही? ही इस्त्रीची मूठ आहे! वेगळी काढून खिशातून नेणार होता? बॅगेचं वजन कमी दिसावं म्हणून?"

"बघत होतो, खिशात मावते का."

"या वयात चोरटी वाहतूक!"

पुढच्या दोन थांब्यांत बाबांचा रंग परत आला. मी पिशवीची पुन्हा घडी घातली. प्रयोग संपला होता.

परत येताना मी काही बोलले नाही, आणि मी नेहमीच बोलत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. धाकटीसाठी घेतलेले दोन बॉबिनचे डबे माझ्या बॅगेत होते. घरी पोचल्यावर ते काढून मी आईच्या कपाटाशी ठेवले.

"हे काय?" आईने विचारलं.

"माझं तिकीट तुझ्या नावावर करते. दोन दिवस आधीपर्यंत नाव बदलता येतं."

"आणि गणवेश? चाळीस शर्टांची काजबटणं राहिलीत."

"मी करते."

"तुला काज करता येतं?"

"नाही."

आईने सुईत दोरा ओवून ती माझ्या हातात दिली. "बस इथे. काज म्हणजे काही पाण्याचा नमुना नाही, उसवून परत करता येत नाही."

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई एकदम मऊ झाली. बॅगेशी उभं राहून म्हणाली, "नेऊ दे त्यांना ती इस्त्री. एवढी हौस आहे तर..."

"आई, आत्ता माघार घेऊ नकोस! पंधरा तास काय करशील?"

"अगं वेडे," आई म्हणाली, "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. विषयांचा तुटवडा आहे का?"

तरी मी धोका पत्करला नाही. इस्त्री बॅगेतून काढून पायाशी ठेवायच्या पिशवीत घातली, जिथे ती दोघांनाही सतत दिसेल आणि आईच्या घोट्याला लागेल.

सकाळी सहाला बस हलली तेव्हा खिडकीत मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. दोघंही खाली वाकून पिशवी एकमेकांकडे सरकवत होती.

दिवसभर मी काजं केली. पहिली चार उसवली. उसवता येतात, आईने खोटं सांगितलं होतं. रात्री सव्वानऊला धाकटीचा निरोप आला: "पोचले. पिशवी एकही नाही. आई बोलून बोलून घोगरी झालीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दुकानातून फोन केला. "ताई, तू ऐक हं. मी फोन टेबलावर ठेवते."

आधी आईचा बसलेला आवाज आला. "आडवं धरलंय तुम्ही कापड."

"उभं आहे."

"आडवं आहे."

"अगं, चाळीस वर्षं कापतोय मी."

"मग चाळीस वर्षं आडवंच कापताय."

मग मोठ्या कात्रीचा आवाज आला, लांब, न थांबता, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तेवढा वेळ दोघंही गप्प होती. मी सुई तशीच धरून तो संपेपर्यंत ऐकत राहिले.