पलीकडच्या खाडीतला नर

ओन्नीनं बर्चच्या सालीचा कर्णा तळ्यात बुडवून ओला केला. चाळीस वर्षं तो याच कर्ण्यातून मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या रानहरणाच्या, मादीसारखा हंबरून शिकारी पाहुण्यांसाठी नर बोलावत आला होता. पण गेले दोन मोसम पाहुणे रिकाम्या हातांनी परतले होते, आणि लॉजच्या मालकिणीनं, मार्लीनबाईनं, काल तोंडावरच सांगितलं होतं, "प्रुइटसाहेबांना नर मिळाला नाही ना, तर पुढच्या वर्षी तुम्ही घरीच बसा, ओन्नीकाका."

यंदाचा पाहुणा प्रुइट मागे झुडपात बंदूक घेऊन बसला होता. ओन्नी एकदाच लांब, रडव्या आवाजात हंबरला आणि गप्प राहिला. मादीनं फार बोलायचं नसतं, नराला संशय येतो.

अर्ध्या तासानं तळ्याच्या पलीकडच्या खाडीतून घोगरा हुंकार आला. मागोमाग शिंगं झुडपावर घासल्याची खरखर.

"मोठा आहे?" प्रुइट कुजबुजला.

"मोठा? साहेब, असला नर दहा वर्षांत ऐकला नाही. हुंकारतो, थांबतो, कान देतो. जाणता गडी आहे."

दीड तास हाकेला हाक चालली, पण नर काही पुढे सरकेना. खरा नर एव्हाना झाडं मोडत आला असता, हे ओन्नीला ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. "लाजतोय लेकाचा," म्हणत तो प्रुइटला घेऊन काठाकाठानं निघाला.

स्प्रूसच्या झाडांआड शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट हललं. ओन्नीनं झटकन प्रुइटच्या बंदुकीची नळी खाली दाबली.

समोर रेनो उभा होता, त्याचा मुलगा. हातात शिंगांसारखी खरखर काढायला झुडपावर घासायचं मूसच्या खांद्याचं हाड, मागे दोन पाहुणे. तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडून तो समोरच्या लॉजला कामाला गेला, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"बाबा? तुम्ही?" रेनो आधी पांढराफटक पडला, मग खो खो हसत सुटला. "मला वाटलं मादी खरी, जवळ मोठा नर असणार. दुसऱ्या नराचा आवाज काढून त्याला डिवचत होतो मी!"

पाहुणेही हसले. प्रुइट तर डोळे पुसत होता. तो हुंकार ओन्नीनंच पोराला शिकवला होता, आणि त्यालाच ओळखता आला नव्हता. त्याला लाज वाटली, आणि तिच्याहून वाईट म्हणजे अभिमान वाटला.

"हाड जरा हळू घास," एवढंच तो म्हणाला.

लॉजवर परतताना होडीत प्रुइटनं विचारलं, "खरं सांगा ओन्नी, पोरगा चांगला आहे का?"

ओन्नीनं चार वेळा वल्हं मारलं. मुलाला नावं ठेवली असती तर नोकरी कदाचित टिकली असती. पण जीभ रेटली नाही.

"माझ्यापेक्षा चांगला आहे, साहेब. मला फसवलं त्यानं."

"मग पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जातो," प्रुइट खुशीत म्हणाला. "मार्लीनला तेवढं तुम्हीच सांगा. मला फार अवघडल्यासारखं होतं."